घरचा धंदा आणि वहीचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेलं भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कुणी डॉक्टरीणबाई, कुणी शिक्षिका येऊन चार हिताच्या गोष्टी सांगतात. यंदा चिटणीसबाईंनी माझ्या नावाचा हट्ट धरला. मी सातवीपर्यंत शिकलेली. सभेत उभं राहून बोलायची सवय नाही. पण त्या म्हणाल्या, "गेली बावीस वर्षं तुम्ही घरात शिलाईचं मशीन चालवता. आपल्या मंडळात घरबसल्या काही ना काही करून चार पैसे मिळवणाऱ्या पुष्कळजणी आहेत. त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या." तेव्हा नाही म्हणवलं नाही. बोलण्यात अधिकउणं झालं तर सांभाळून घ्यावं.

आपल्या श्रीरामपुरात अशा बायका आळीआळीला आहेत. कुणी उन्हाळ्यात शेवया-कुरडया करून देते, कुणी जेवणाचे डबे पुरवते, कुणी सुरतेच्या साड्या आणून विकते, कुणी घरातल्या पुढच्या खोलीत पार्लर काढलं आहे, कुणी मुलांच्या शिकवण्या घेते. पण "तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं, तर आपण काय सांगतो? "काही नाही, घरीच असते. फावल्या वेळात थोडं शिवते." फावला वेळ कसला बाई! पहाटे पाचला उठून भाकऱ्या थापायच्या, पाणी भरायचं, म्हाताऱ्या माणसाचं करायचं, दुपारी मशीनवर बसायचं आणि लग्नसराई असली तर रात्री अकरापर्यंत बॉबिन भरत राहायचं. याला फावला वेळ म्हणायचं असेल, तर कामाचा वेळ कोणता?

आपणच आपल्या कामाला नाव देत नाही, म्हणून मनात शंका शिरते. हा धंदा आहे की नुसती वेळ घालवण्याची सोय? यात आपल्याला काही सुटतं का? त्यापेक्षा कुठे महिन्याच्या पगारावर गेलेलं काय वाईट? आमच्या शेजारच्या सूनबाई पगारावर जातात, एक तारखेला पैसे हातात येतात. आणि आपण गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहत बसतो. या फाल्गुनात मलाही एका कपडे शिवण्याच्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं. त्याचं काय केलं, ते पुढे सांगणारच आहे.

हे काम आहे की नाही, हा प्रश्न आपल्यालाच पडतो असं नाही. अहमदाबादेत एलाबेन भट्ट यांनी १९७२ साली डोक्यावर ओझी वाहणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, घरी बसून शिवणाऱ्या बायकांची संघटना काढली. तिची नोंद करायला त्या सरकारी कचेरीत गेल्या, तेव्हा तिथले अधिकारी म्हणाले, "या बायकांना मालकच नाही, मग संघटना कुणाविरुद्ध?" एलाबेननी उत्तर दिलं, की संघटना कुणाविरुद्ध नव्हे, या बायकांसाठी आहे. शेवटी नोंद झाली. दोन वर्षांनी, १९७४ साली, त्याच बायकांची बँक निघाली. संघटनेच्या नावातच 'स्वाश्रयी' शब्द आहे, म्हणजे स्वतःच्या आधारावर उभ्या राहिलेल्या. तेव्हा आपण जे करतो ते काम आहे, ही गोष्ट पन्नास वर्षांमागेच ठरून गेली आहे. राहिला प्रश्न तो एवढाच, की ते काम आपल्याला परवडतं की नाही.

आणि हा प्रश्न मनाला विचारू नये, असं माझं सांगणं आहे. मनाचं काय, एखादीने "काय सुरेख बसलाय हो ब्लाउज!" म्हटलं की ते आभाळाला टेकतं, आणि एखादा ब्लाउज काखेत घट्ट झाला म्हणून परत आला की त्या दिवशी मशीन विकून टाकावंसं वाटतं. नवऱ्याला विचारावं तर ते म्हणतात, "तुला झेपेल तसं कर." हा प्रश्न विचारायचा तो वहीला. पण वहीने खरं उत्तर द्यावं असं वाटत असेल, तर तिच्यात तीन-चार गोष्टी नीट लिहिल्या गेल्या पाहिजेत. त्या मी एकेक सांगते.

पहिली गोष्ट, घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा एका डब्यात ठेवू नये. ही शिकवण मला माझ्या सासूबाईंनी दिली. त्या अंडी विकत. अंड्यांचे पैसे त्यांनी कधी मिठामिरचीच्या डब्यात टाकले नाहीत. त्या म्हणायच्या, "कोंबडीच्या खाण्याचे पैसे आपण खाल्ले, तर उद्या कोंबडी काय खाईल?"

पुढे मला कळलं, की हीच रीत एका फार मोठ्या घरात होती, आणि ते घर आपल्या जिल्ह्याच्या लेकीचं. अहिल्यादेवींचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावी झाला. २०२४ साली आपल्या जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं. होळकरांकडे राज्याचा खजिना वेगळा आणि 'खासगी' वेगळी. थोरल्या बाजीराव पेशव्यांनी १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगीची जहागीर करून दिली. गौतमाबाईंच्या मागून ती अहिल्यादेवींकडे आली. काशीपासून सोमनाथापर्यंत त्यांनी जी देवळं, घाट, धर्मशाळा बांधल्या, त्यांचा खर्च या खासगीतून झाला. राज्याच्या खजिन्याला त्यांनी त्यासाठी हात लावला नाही. एवढी मोठी राणी, कोण तिला जाब विचारणार होतं? तरी तिने दोन थैल्या वेगळ्या ठेवल्या. मग आपले दोन डबे वेगळे ठेवायला आपल्याला काय जड आहे?

मी असं करते. शिलाईचा जो पैसा येतो तो सगळा धंद्याच्या डब्यात. त्यातून दोरा, अस्तर, हूक, सुया, मशीनची दुरुस्ती. दर महिन्याच्या एक तारखेला त्या डब्यातून आठ हजार रुपये मी घराला देते. त्याला मी माझा पगार म्हणते. मध्येच पाहुणे आले, सिलिंडर संपलं, तरी धंद्याच्या डब्याकडे वळायचं नाही. आता पुष्कळ गिऱ्हाइकं फोनवरून पैसे पाठवतात. त्यासाठी भिंतीला जो ठिपक्याठिपक्यांचा चौकोनी कागद लावतात, तो मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खात्याचा नसावा. बँकेत आपल्या नावाचं वेगळं खातं काढून त्याचा लावावा. पोरगा गुणी असतो हो, पण पैसे त्याच्या खात्यात पडले, की त्यातले आपले किती हे आठवड्याने ना त्याला सांगता येतं ना आपल्याला.

दुसरी गोष्ट, आपल्या हातांची मजुरी. आपल्याकडे म्हण आहे, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. आपण अस्तराचे पैसे मोजतो, दोऱ्याचे मोजतो, आणि आपले तास मात्र फुकट धरतो. मग साडेतीनशे रुपये हातात आले की साडेतीनशे मिळाले असं वाटतं.

एका अस्तराच्या ब्लाउजचा हिशेब सांगते. शिलाई तीनशे पन्नास. त्यात अस्तराचे साठ. मी ते नगरच्या कापड बाजारातून एकदम आणते, म्हणून साठात बसतं. दोरा, हूक, कॅनव्हास पंधरा. हेम आणि हूक लावायला शेजारची एक मुलगी येते, तिला तीस. वीज आणि मशीनची झीज दहा. झाले एकशे पंधरा. राहिले दोनशे पस्तीस. मापं घेण्यापासून इस्त्री करून देईपर्यंत मला साडेतीन तास लागतात. म्हणजे तासाला सदुसष्ट रुपये पडले. साधा, बिनअस्तराचा ब्लाउज मी एकशे ऐंशीला शिवत होते. खर्च पासष्ट, राहिले एकशे पंधरा, वेळ अडीच तास. तासाला शेहेचाळीस. मला वाटायचं, साधा ब्लाउज झटपट होतो, तोच परवडतो. वही वेगळंच सांगत होती. मी साध्याची शिलाई दोनशे केली. दोन गिऱ्हाइकं गेली, बाकीची राहिली.

मुंबईच्या लिज्जत पापडाचं नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं निघाली. आज चाळीस हजारांहून अधिक बायका त्या संस्थेत आहेत. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या रीतीतली एक गोष्ट फार आवडते. तिथे प्रत्येक बाईला तिने लाटलेल्या वजनाप्रमाणे लाटणावळ मिळते. नफातोट्याची वाटणी ही त्याच्या नंतरची गोष्ट. म्हणजे हाताची मजुरी ही नफ्यात मिसळलेली नाही, ती आधीच बाजूला काढलेली आहे. सगळ्या बायका संस्थेच्या मालकिणी आहेत, तरीसुद्धा! आपणही घरात एकट्याच मालकीण आणि एकट्याच मजूर असतो. मालकिणीने मजुराची मजुरी बुडवू नये.

तिसरी गोष्ट भाकड महिन्यांची. गाय वर्षभर दूध देत नाही, तसा धंदाही बारा महिने सारखा चालत नाही. माझे तीन महिने भाकड आहेत. आषाढात मुहूर्त नसतात आणि शेतकऱ्याचा पैसा पेरणीत गुंतलेला असतो. भाद्रपदात गणपती-गौरी उठल्या की पितृपक्षात नवं कापड कुणी शिवत नाही. आणि पौषात लग्नं नाहीत. गेल्या वर्षीच्या वहीत आषाढात खर्च वजा जाता चार हजार दोनशे राहिले, भाद्रपदात पाच हजार शंभर, पौषात तीन हजार नऊशे.

आमच्या घरी तर ही गोष्ट दुहेरी आहे. आमचे हे साखर कारखान्यात हंगामी कामगार. बॉयलर पेटला की काम, हंगाम आटोपला की आमच्या घरचं तेल-मीठ जपून. आणि मुलगी नगरला वसतिगृहात राहून नर्सिंग शिकते. तिचं वसतिगृह आणि खानावळ महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे मागतात. त्यांना आषाढ ठाऊक नाही आणि पौषही ठाऊक नाही. माझे आठ हजार जातात ते मुख्यतः तिथे. एका महिन्याला ते चुकले, तर तिने पेटी घेऊन घरी यायचं का?

म्हणून माझा तिसरा डबा. चांगल्या नऊ महिन्यांत आठ हजार घराला देऊन जे उरतं ते या डब्यात जातं. गेल्या वर्षी बेचाळीस हजार तीनशे गेले. तीन भाकड महिन्यांत आठ हजार पुरे करायला त्यातून दहा हजार आठशे काढावे लागले. मुलीच्या खानावळीला एकही महिना उशीर झाला नाही.

लिज्जतच्या बायकांनाही पहिल्या वर्षी हाच अनुभव आला. पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, आणि पाऊस बाहेर. असा उपाय प्रत्येकीने आपापल्या धंद्यात शोधावा. मी आषाढात गोधड्या शिवते आणि शाळेच्या गणवेशांची उसवण-दुरुस्ती घेते. त्यात फार सुटत नाही, पण मशीन झाकून ठेवावं लागत नाही.

चौथी गोष्ट उधारी. समोर बसलेल्या कुणाचं नाव मी घेत नाही, घाबरू नका! आपला मुलूख उसाचा आणि कांद्याचा. "कारखान्याचं बिल झालं की देते," "कांदा विकला की पाठवते," हे आपण रोज ऐकतो. माणसं बुडवी नसतात, त्यांचाही पैसा अडकलेला असतो. पण जुने लोक म्हणतात, उधारीचं पोतं सव्वा हात रितं. म्हणून मी दोन नियम केले. माप देतानाच निम्मी शिलाई घ्यायची. आणि वहीत जमा लिहायची ती पैसा हातात पडल्यावर, ब्लाउज दिल्यावर नव्हे. उधारीचं पान वेगळं. त्या पानावर तारीख, रक्कम, आणि गिऱ्हाइकासमोरच लिहायचं. समोर लिहिलं की कुणाला राग येत नाही आणि कुणी विसरतही नाही.

कुणी म्हणेल, एवढ्याशा धंद्याला वही कशाला, डोक्यात असतं की सगळं. मैत्रिणींनो, आपला हिशेब आपल्याजवळ लिहिलेला नसला की काय होतं, हे आपल्या जिल्ह्याने फार सोसलेलं आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले. ते लोण आपल्याकडे पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पसरलं. लोकांनी सावकारांच्या घरांतून काय मागितलं? कर्जाची खतं आणि दस्तऐवज. ते घेऊन त्यांनी जाळले. कारण सगळा हिशेब सावकाराच्या वहीत. किती घेतले, किती फेडले, व्याज किती चढलं, हे शेतकऱ्याजवळ एका चिठोऱ्यावरही नव्हतं. पुढे १८७९ साली कायदा झाला. सावकाराने पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, अशी कलमं त्यात घालावी लागली. म्हणून म्हणते, वही आपली हवी, आणि आपल्या हातची हवी. दुकानदाराकडे खातं असो, बचत गट असो, बँकेचं कर्ज असो, त्यांच्या वहीबरोबर आपलीही एक नोंद असावी आणि महिन्याला ती ताडून पाहावी.

आता ज्यांना लिहिता येत नाही त्या विचारतील, आम्ही काय करावं? सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बायकांची एक बँक आहे, माणदेशी. तिची सुरुवात एका लोहारकाम करणाऱ्या बाईपासून झाली. तिला पावसाळ्याआधी झोपडीवर घालायला प्लास्टिकचं कापड घ्यायचं होतं, त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते, पण तिचं एवढंसं खातं कुठली बँक उघडेना. तेव्हा त्यांनी स्वतःचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने आधी परवानगी नाकारली, कारण अर्जावर अंगठे होते. बायका खचल्या नाहीत. लिहावाचायला शिकू लागल्या आणि पुन्हा गेल्या. साहेबांना म्हणाल्या, "आम्हाला कोणत्याही रकमेचं व्याज काढायला सांगा. तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा, आणि कोण आधी सांगतं ते बघा." १९९७ साली बँक सुरू झाली. अक्षर येत नसेल तर आकडा येतो ना! आकड्याची वही ठेवा. घरातली शाळकरी नात बाकीचं लिहून देईल.

आता फाल्गुनातली गोष्ट सांगते. त्या कारखान्यात महिना नऊ हजार देऊ केले. आठ तास काम, आठवड्याला सुट्टी, आणि भविष्यनिर्वाह निधी. घरात सगळ्यांचं मत पडलं, जावं. माझंही मन निम्मं तिकडे झुकलं होतं. एक तारीख म्हणजे एक तारीख, त्यात चिंता नाही. चार बायकांची सोबत. मशीन बिघडलं तर ते मालकाचं. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि गेल्या वर्षीची, पाडव्यापासून पाडव्यापर्यंतची वही काढली.

वर्षाची जमा एक लाख श्याऐंशी हजार चारशे. खर्च अठ्ठावन्न हजार नऊशे. राहिले एक लाख सत्तावीस हजार पाचशे, म्हणजे महिन्याला सरासरी दहा हजार सहाशे पंचवीस. तास मी रोज मांडत होते, ते दोन हजार पन्नास भरले. गिऱ्हाइकांशी बोलण्याचे, कापड बाजाराच्या खेपेचे, सगळे त्यात आले. तासाला बासष्ट रुपये पडले.

आता नोकरी. नऊ हजार प्रमाणे वर्षाचे एक लाख आठ हजार. जाण्यायेण्याला रिक्षाचे रोज चाळीस, वर्षाचे बारा हजार चारशे ऐंशी. ते वजा जाता पंच्याण्णव हजार पाचशे वीस. निधीत आपल्या पगारातून कापतात ते आपलेच पैसे, पण मालक आपल्या पदरचे आणखी टाकतो, ते शेकडा बारा धरले तर बारा हजार नऊशे साठ. एकूण एक लाख आठ हजार चारशे ऐंशी. वाटेचा तास धरून रोज नऊ तास, वर्षाचे दोन हजार आठशे आठ तास. तासाला एकोणचाळीस रुपयेसुद्धा पुरते पडत नाहीत.

शिवाय सासूबाई आता अंथरुणाला खिळल्या आहेत. मी मशीनवर असताना त्यांची हाक ऐकू येते. त्याचा आकडा वहीत मांडता येत नाही, पण तो सोडूनही वहीचं उत्तर स्पष्ट होतं. मी निरोप पाठवला, की यंदा जमत नाही.

पण नोकरीत एक गोष्ट होती ती माझ्या धंद्यात नव्हती, ती म्हणजे म्हातारपणाची सोय. ती मला मालक देणार नाही, मीच माझी मालक. तिसऱ्या डब्यात वर्षअखेर एकतीस हजार पाचशे शिल्लक राहिले होते. त्यातले बारा हजार मी पोस्टात पीपीएफ खात्यात टाकले. ते पंधरा वर्षांचं खातं असतं, आणि वर्षाला पाचशे रुपये टाकूनही चालू ठेवता येतं. बाकीचे एकोणीस हजार पाचशे ओव्हरलॉक मशीनसाठी बाजूला काढले. सरकारची अटल पेन्शन योजना २०१५ सालापासून आहे, पण तिच्यात शिरायचं तर वय चाळीसच्या आत लागतं. आपल्यापैकी बहुतेकींची ती वेळ गेली. घरातल्या मुली-सुनांची गेलेली नाही, त्यांच्या कानावर घाला.

याचा अर्थ नोकरी वाईट असा मुळीच नाही. माझी एक मैत्रीण चटण्या-मसाले करून विकत होती. चव अशी, की लोक बोटं चाटत. तिने माझ्यासारखे तास मांडले, तर मिरच्या आणणं, वाळवणं, भाजणं, डंकावर खेपा घालणं हे सगळं धरून तासाला सतरा रुपये पडत होते. तिने भाव वाढवून पाहिला, माल उठेना. ती आता एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पगारावर जाते आणि दिवाळीपुरत्या चटण्या करते. लोक म्हणाले, "धंदा बुडाला बाईचा." कुठे बुडाला? तिच्या वहीने तिला वेळेवर सांगितलं आणि तिने ऐकलं. माझी वही पुढच्या वर्षी वेगळं बोलली, तर मीही ऐकेन. माझे डोळे, माझे गुडघे काही वयाला अपवाद नाहीत. दर पाडव्याला वहीची पूजा करताना मी हा प्रश्न तिला नव्याने विचारणार आहे.

आता मंडळापुढे एक सूचना ठेवते आणि थांबते. आपण हळदीकुंकू करतो, भजन करतो, सहलीला जातो. त्यात महिन्यातली एक दुपार वहीसाठी ठेवावी. ज्या ज्या बाईचा घरचा धंदा आहे तिने आपली वही घेऊन यावं. दुसरीची वही कुणी पाहायची नाही. आपापली बेरीज करायची, अडेल तिथे शेजारणीला विचारायचं. आपल्यात निवृत्त शिक्षिकाबाई आहेत, पतसंस्थेत काम केलेल्या एक वहिनी आहेत, त्या मदत करतील. पहिल्या महिन्यात फक्त तीन रकाने: आलं किती, गेलं किती, तास किती. वर्षभर हे केलं, तर पुढच्या वर्धापनदिनाला "तुम्ही काय करता?" असं विचारल्यावर "काही नाही, घरीच असते" असं आपल्यापैकी एकही म्हणणार नाही, अशी मला आशा आहे. वह्या मी माझ्याकडून वीस आणल्या आहेत. सभा संपल्यावर त्या पलीकडच्या टेबलावर चिटणीसबाईंजवळ मिळतील.